आप्पांचा हात वर होता

आप्पांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली, तेव्हा नंदुरबारच्या डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं, "पहिल्या काही महिन्यांत मेंदू जेवढं परत शिकतो तेवढं पुढे शिकत नाही. वेळ दवडू नका." मी वेळ दवडला नाही. तो आमच्या हातून गेला तो माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, आणि कशापायी गेला ते कळल्यापासून माझा राग उतरलेला नाही. लोक म्हणतात, झालं गेलं सोड. मी सोडत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. तापीकाठचे शेतकरी, केळी आणि पपईवाले. शहाद्याच्या बाजारात त्यांच्याशी भाव करायला व्यापारी कचरत, कारण आप्पा भाव कमी बोलत आणि गोष्टी जास्त सांगत, आणि गोष्ट संपेपर्यंत समोरचा कबूल झालेला असे. असा माणूस एका सकाळी खाटेवरून उठताना उजव्या अंगावर कोसळला. हातापायात हळूहळू थोडं बळ आलं, पण शब्द येईनात. कधी नुसता हुंकार यायचा, कधी भलताच शब्द, आणि तो भलता आहे हे त्यांना ऐकू यायचं. मग ते तोंड घट्ट मिटून घ्यायचे.

आई आधीच गेलेली. धाकटा भाऊ सुरतेला कापडाच्या धंद्यात. मी शहाद्याजवळ लोणखेड्याला राहते, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. म्हणून आप्पा माझ्याकडे आले.

वाचा परत आणणारे तज्ज्ञ आमच्या भागात मिळेनात. डॉक्टरांनीच पुण्याच्या एका बाईंचं नाव सुचवलं. त्या कंप्युटरवरून, समोर बसल्यासारखं शिकवतात. मोबाइलच्या इवल्या पडद्यावर आप्पांना नीट दिसेना, म्हणून माझा जुना कंप्युटर पुढच्या खोलीत आणला. पेपर तयार करायला घेतलेला, चांगला चालणारा. भाऊ तेव्हा सुरतेहून आला होता. त्यानेच कॅमेरा बसवला, खुर्ची लावली, आणि जाता जाता आमच्या सगळ्या नातलगांचं जे निरोपाचं ॲप मोबाइलवर चालतं, तेच त्याने कंप्युटरवरही टाकून दिलं.

"लोके रोज इचारतस, आप्पास्नी तब्येत कशी शे. त्यास्ना निरोप मोठा पडदावर दखाडत जाय," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. "त्यास्ले बरं वाटी."

मलाही ते बरंच वाटलं. वाईट वाटण्यासारखं त्यात काय होतं?

शिकवणी सुरू झाली. पुण्याच्या बाई तरुण होत्या, आवाज गोड, भाषा अगदी पुस्तकातली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "ताई, तुम्ही खोलीत थांबू नका. ते उत्तरासाठी तुमच्याकडे बघतात. त्यांना एकटं बसू द्या." म्हणून मी स्वयंपाकघरात बसायचे. तिथून बाईंचा आवाज यायचा, "बाबा, डोळे मिटा. बाबा, डावा हात वर करा. बाबा, खिडकीकडे बोट दाखवा." मग जराशी शांतता. मग, "नाही बाबा. पुन्हा एकदा." मग, "बाबा, मी काय म्हणाले?" तो 'नाही बाबा' ऐकून माझ्या हातातलं लाटणं थांबायचं.

आधीच्या काही दिवसांत आप्पा उत्साहाने बसत. टोपी घालून बसत. मग टोपी घालणं थांबलं. मग मी खुर्ची सरकवली की ते भिंतीकडे तोंड करायचे. बाई फोनवर म्हणाल्या, "समज कमी होत चालली आहे. मी एक सांगते, ते दुसरंच करतात. डोळे मिटा म्हटलं तर हात वर. सुरुवातीला असं नव्हतं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, नवा झटका तर नाही ना."

नवा झटका. हे शब्द ऐकून मी कॉलेजात रजा टाकली, गाडी केली आणि आप्पांना नंदुरबारला नेलं. दवाखान्याचं फाटक दिसताच आप्पांनी गाडीचं दार आतून धरून ठेवलं. आपल्याला परत तिथे ठेवणार असं त्यांना वाटलं. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. आयुष्यात कुणापुढे मान न तुकवलेला माणूस, आणि मी त्याची बोटं लहान मुलासारखी दाराच्या कडीवरून सोडवत होते. आत त्यांना त्या मोठ्या यंत्रात सरकवलं. बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहून कानापर्यंत गेलेलं. फोटोत काही नवं निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "मेंदू आहे तसाच आहे. मग समज का कमी व्हावी, कळत नाही."

परतताना मी आप्पांवर चिडले. हे लिहितानाही लाज वाटते, पण चिडले खरी. "आप्पा, तुम्हीन ध्यानच देत नहीत," असं मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

पुढच्या शिकवणीच्या वेळी त्यांना खोकल्याची उबळ आली म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले. बाईंनी सांगितलं होतं तसं भिंतीच्या कडेने, आप्पांच्या मागून. ते पाणी प्यायले, मी तांब्या घेऊन मागेच उभी राहिले.

बाई म्हणाल्या, "बाबा, डावा हात वर करा."

आप्पांनी लगेच हात वर केला. अगदी सरळ, ताठ, शाळेतल्या हुशार मुलासारखा.

बाई वाट बघत होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात एका छोट्या चौकटीत आप्पांचं स्वतःचं चित्र दिसतं. त्या चौकटीत आप्पांचा हात मांडीवर होता. माझ्या डोळ्यांसमोर तो वर होता, आणि चौकटीत मांडीवर.

"नाही बाबा," बाई म्हणाल्या. "बरं, आता डोळे मिटा."

आप्पांनी हात खाली घेतला आणि डोळे मिटले. आणि आत्ता कुठे चौकटीतल्या आप्पांचा हात वर गेला.

"हात नाही बाबा, डोळे," बाई म्हणाल्या, आणि खाली वाकून काहीतरी लिहिलं.

मला कुणी कानशिलात मारल्यासारखं झालं. टेबलाखाली कंप्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. तो आवाज मी रोज स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि जुनं यंत्र आहे, करणारच, असं म्हणत होते. मी पुढे गेले, बाईंना काही न सांगता शिकवणी बंद केली. आप्पा घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"आप्पा, तुम्हीन बराबर करी ऱ्हायना व्हतात. तुम्हना हात वर व्हता. मी दखा. हाऊ कंप्युटर मांगे पडी ऱ्हायना व्हता, तुम्हीन नही."

 त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग डाव्या हाताची मूठ त्यांनी खुर्चीच्या दांडीवर आपटली.

"मालूम," ते म्हणाले.

त्यांना ठाऊक होतं. इतके दिवस त्यांना ठाऊक होतं. आपण सांगितलेलं करतोय, बरोबर करतोय, आणि तरी पडद्यातली मुलगी मान हलवतेय, लेक स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, आणि सगळे मिळून आपल्याला यंत्रात घालायला नेतात. हे सांगायला जी वाचा लागते तीच नेमकी नाही. त्या खोलीत ते एकटे काय भोगत असतील, याचा विचार केला की आजही हातातली वस्तू फेकावीशी वाटते.

कॉलेजात कंप्युटर शिकवणारी माझी एक मैत्रीण आहे. नवापूरकडची, घरी तिकडची आदिवासी कोकणी बोलणारी, माझ्याशी मात्र मराठीत. तिला मी दुसऱ्याच दिवशी घरी आणलं. तिने यंत्र सुरू केलं आणि कोणता कार्यक्रम किती ताकद खातोय ते दाखवणारा पडदा उघडला. सगळ्यांत वर निरोपाचं ॲप होतं. एकटंच निम्म्याहून जास्त ताकद गिळून बसलेलं.

"हे तर मी उघडलेलंच नाही," मी म्हणाले.

"उघडायला लागत नाही. यंत्र सुरू झालं की ते आपोआप सुरू होतं. फुली दाबून बंद केलंस तरी फक्त खिडकी जाते. हे बघ, खाली घड्याळाशेजारी बसलंय."

"पण ते करतं काय एवढं? निरोप तर यायचे."

तिने ते उघडलं. आमच्या भाऊबंदांचा समूह, आजोळचा समूह, सोयऱ्यांचा समूह, गावाचा समूह. "एकेक बघ," ती म्हणाली. "निरोप कुलूपबंद होऊन येतो, तो उघडायला ताकद लागते. फोटो आला की तो उतरवून घेतं, त्याचं बारकं चित्र बनवतं. व्हिडिओ आला की तेच. मोबाइलवर जुनं जेवढं साठलंय, ते सगळं इथे आणून परत रचून ठेवतं, म्हणजे तू उद्या शोधलंस तर सापडावं. आणि हे हलणारं." तिने बोट ठेवलं. एक गुलाब उमलत होता, मिटत होता, उमलत होता. त्याखाली एक पणती लुकलुकत होती. त्याखाली हात जोडलेली बाहुली कमरेत वाकत होती. "हे हलणारं प्रत्येक चित्र, खिडकी दिसत नसली तरी, क्षणाक्षणाला नव्याने काढावं लागतं. नव्या यंत्रात चित्र काढायला वेगळा भाग असतो. तुझ्या या जुन्या यंत्रातला तो भाग या ॲपला चालत नाही, मग सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर. बरं, हे ॲप म्हणजे वरून ॲप, आतून अख्खा ब्राउझर आहे. एक पान दाखवायला सगळं घर बांधायचं, असला प्रकार. बनवणाऱ्यांना ते सोपं जातं. एकदा लिहिलं की सगळीकडे चालतं."

"आणि आप्पांची शिकवणी?"

"व्हिडिओ पाठवायला आणि समोरचा उलगडायला तोच प्रोसेसर लागतो. त्याला वेळ मिळेल तसं तो पाठवणार. हात वर गेलेला पोचेपर्यंत बाईंचा पुढचा प्रश्न येणार."

म्हणजे आप्पांचा हात थांबवून ठेवला होता उमलत्या गुलाबाने. 'लवकर बरे व्हा' असं लिहिलेल्या गुलाबाने. मी ते सगळं वर वर सरकवत पाहिलं. आप्पांची विचारपूस दिसावी म्हणून कंप्युटरवर आणलेल्या त्या समूहांत कुणीच काही विचारत नव्हतं. सुविचार, देव, पुढाऱ्यांची भाषणं, कुठल्या तरी गावातल्या भांडणाचा व्हिडिओ, आणि फुलं. आप्पांचा एकही सोयरा लोणखेड्याला येऊन त्यांच्याशेजारी घटकाभर बसला नव्हता. मैत्रीण म्हणाली, "आपोआप सुरू होणं बंद करता येतं, फोटो आपोआप उतरवणंही बंद करता येतं." मी म्हटलं, "समूळ काढ." तिने काढलं. पंखा हळूहळू खाली बसला आणि खोलीत इतकी शांतता झाली की बाहेर टाकीतून पाणी सांडत होतं तेही ऐकू आलं.

मग मी भावाला फोन लावला.

"आते कंप्युटरनं खापर मन्हावर फोडशी का?" तो म्हणाला. "ते ॲप तर मी बंद करेल व्हतं."

"फुली दाबी का खिडकी बंद व्हस. ॲप मांगे चालूच ऱ्हास."

"हाई माले काय मालूम? बठ्ठी दुनिया वापरस ते."

"बठ्ठी दुनियाना बाप आजारी नही शे."

 मग तो हळूच म्हणाला, "ताई, मी आप्पासाठेच टाकेल व्हतं ना." त्याचं खरं होतं, आणि त्यामुळे मला आणखीच संताप आला. तो मुद्दाम वागला असता तर बरं झालं असतं. निदान रागाला एक माणूस मिळाला असता.

पुढची शिकवणी झाली तेव्हा मी खोलीतच उभी राहिले, बाईंना विचारलंच नाही. बाई म्हणाल्या, "डावा हात वर करा," आणि हात वर गेला, चौकटीतही गेला. डोळे मिटले, उघडले, खिडकीकडे बोट गेलं. बाईंचा चेहरा खुलला. "अरे वा. बाबा, आज खूपच सुधारणा आहे."

"सुधारणा नाही," मी म्हणाले. "ते पहिल्यापासून असंच करत होते. आज तुम्हाला दिसलं एवढंच." आणि मी त्यांना सगळं सांगितलं.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण ताई, आवाज अडकतोय, चित्र अडकतंय, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"तुम्हीच मला बाहेर बसवलं होतं. तुम्हाला चित्र अडकताना दिसत नव्हतं का?"

"दिसायचं कधी कधी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुमच्याकडे नेट असंच असेल."

तुमच्याकडे. म्हणजे नंदुरबार जिल्हा म्हटलं की दऱ्याखोऱ्या, आणि तिथली माणसं अडखळतच बोलणार, तिथली चित्रं अडकतच पोचणार. माझ्या घरात चांगली वायर आलेली आहे, पुण्यातल्या कितीतरी घरांपेक्षा बरं नेट चालतं. मी ते त्यांना सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. आणि तेवढ्यात थांबले नाही. "आणखी एक. परवा तुम्ही एक चित्र दाखवलंत, मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ते म्हणाले 'अंडेर'. तुम्ही म्हणालात, 'नाही बाबा, मुलगी.' आमच्याकडे मुलीला अंडेरच म्हणतात. त्यांचं उत्तर बरोबर होतं."

बाईंनी पुढ्यातली वही मिटली. नंतर म्हणाल्या, "मागचं सगळं मी बाजूला ठेवते. पहिल्यापासून सुरू करू. तुम्ही शेजारी बसा आणि तुमच्या भाषेतले शब्द मला सांगा." पुढे त्या तसं वागल्याही. त्यांनी अहिराणी शब्द कानाने उतरवून घेतले, चुकीच्या उच्चाराने का होईना विचारायला लागल्या, आणि त्यांचा उच्चार ऐकून आप्पा तोंडावर हात ठेवून हसले. आजारानंतर ते पहिल्यांदा हसले ते तेव्हा. एवढं श्रेय मी बाईंना देते. त्यांना माफ केलं असं मात्र म्हणणार नाही.

त्या ॲपच्या कंपनीला मी लिहिलं. तुमच्या ॲपच्या गुलाबांमुळे एका आजारी माणसाच्या उपचारात काय झालं, ते शांतपणे, मुद्देसूद लिहिलं. मराठी शिकवणारी बाई आहे, लिहिता येतं मला. यंत्राने दिलेलं उत्तर आलं. चांगल्या अनुभवासाठी नवीन कंप्युटर वापरावा. म्हणजे यंत्र चांगलं असताना ते आम्ही फेकायचं, कारण यांना हलकं ॲप लिहायचा कंटाळा. शहाद्याच्या कंप्युटरवाल्या दुकानदाराला मागे पंख्याच्या आवाजाबद्दल सहज विचारलं होतं, त्यानेही तेच सांगितलं होतं, नंतर भावानेही तेच सांगितलं. उघडून बघू या, काय खातंय ते, असं एकालाही वाटलं नाही. आणि नातलगांनी काय केलं? मी समूहांतून बाहेर पडले म्हणून रुसले. एका आत्याने निरोप धाडला, शिकलेल्या बायांना माणसं नकोत. मी तिला फोन करून म्हणाले, "आत्या, माणसं पाहिजेत म्हणूनच सांगते, या आणि बसा." ती आली नाही.

आप्पा आता बोलतात. अर्धी वाक्यं बोलतात, दमतात, उरलेलं हाताने सांगतात. भाव, पाऊस, केळी, सुरतेच्या नातवाची खोडी, एवढं येतं. लांब गोष्ट येत नाही. ती पुढे सरकत नाही, मध्येच धागा सुटतो आणि ते थांबतात. मी डॉक्टरांना विचारलं, ते सुरुवातीचे दिवस वाया गेले नसते तर गोष्टही आली असती का? डॉक्टर म्हणाले, "असं सांगता येत नाही." प्रामाणिक उत्तर आहे. पण त्यामुळे माझा राग कुठेच जाऊन बसत नाही. भाऊ चांगला, बाई चांगल्या, नातलग चारचौघांसारखे, कंपनीचा तर चेहराच नाही.

भाऊ दिवाळीला आला तेव्हा रात्री जेवताना आप्पांनी बाजाराची एक जुनी गोष्ट काढली. व्यापारी आला, गाडी लावली, इथपर्यंत आली. मग शब्द सापडेना. भावाने चटकन पुढचं सांगायला तोंड उघडलं, कारण गोष्ट आम्हाला दोघांनाही पाठ आहे. मी त्याला म्हटलं, "थांब. तेस्ले बोलू दे." ताटातली भाजी गार झाली. आप्पा शोधत होते, आम्ही थांबलो होतो. शेवटी त्यांनी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला.